आम्ही गेलो तर खंड्याचे कसे होणार?

दरवर्षी होळी उलटली आणि परदेशात राहणाऱ्या मुलांचे, भावंडांचे, मित्रमैत्रिणींचे ‘या वर्षी तरी या’ असे फोन सुरू झाले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक ठरावीक चिंता घेऊन माणसे येऊ लागतात. पासपोर्ट तयार असतो, तिकिटाचे पैसे बाजूला काढलेले असतात, तब्येतही बऱ्यापैकी साथ देत असते. अडते ते घरातल्या कुत्र्यापाशी आणि गच्चीवरच्या कुंड्यांपाशी. ‘आम्ही गेलो तर त्याचं कसं होणार?’ हा प्रश्न मी इथे नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या बंगल्यातून आलेल्या दांपत्याकडूनही ऐकला आहे आणि सिडकोतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या निवृत्त कामगाराकडूनही. नातेवाईक ही चिंता हसण्यावारी नेतात. ‘कुत्र्यासाठी कोणी लंडन सोडतं का?’ असे म्हणून ते मोकळे होतात आणि चिंता करणारा माणूस त्यानंतर त्या विषयावर बोलेनासा होतो. मी या चिंतेला हसत नाही. मात्र ती ज्या शब्दांत सांगितली जाते तेवढीच ती असते, असेही मानत नाही.

मालतीताईंची हकिगत त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 64, राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त, इंदिरानगरात रो हाऊस, वर गच्चीवर बाग आणि खाली खंड्या. खंड्या म्हणजे एका पावसाळ्यात जिन्याखाली थरथरत सापडलेले गावठी पिल्लू, आता सहा वर्षांचा धष्टपुष्ट कुत्रा. कॉलेजातली त्यांची जिवलग मैत्रीण लग्नानंतर इंग्लंडला गेली आणि लंडनजवळच्या सरे परगण्यात स्थायिक झाली. ती कित्येक वर्षे बोलावत होती आणि मालतीताई कित्येक वर्षे ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत होत्या.

पहिल्या भेटीला त्या यजमानांसह आल्या आणि येताना एक वही घेऊन आल्या. वहीत खंड्याचा दिनक्रम होता. सकाळी सहाला फिरणे, तेही उजवीकडच्या गल्लीने, कारण डावीकडच्या कोपऱ्यावरच्या टोळीशी त्याचे हाडवैर. साडेसातला दह्यात कुस्करलेली भाकरी, पण दही फ्रीजमधून काढून अर्धा तास झालेले असावे. कुकरची शिट्टी होताना त्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. पुढची पाने बागेची होती. उन्हाळ्यात मोगऱ्याला आणि जास्वंदीला रोज पाणी, अडेनियमला मात्र माती बोटभर खोलवर कोरडी झाल्यावरच.

‘हे सगळं ह्यांना जमणार नाही, मॅडम.’

यजमान शांतपणे म्हणाले, ‘सातपूरच्या कारखान्यात मी शिफ्टला पन्नास माणसं सांभाळली. एक कुत्रा सांभाळता येणार नाही?’

‘कारखान्याचं वेगळं असतं,’ मालतीताई म्हणाल्या आणि वही मिटून त्यांनी पर्समध्ये ठेवली.

सांभाळायला माणूस घरातच होता, तो तयार होता, धडधाकट होता. म्हणजे प्रश्न खंड्याच्या व्यवस्थेचा नव्हता, हे मला तेव्हाच कळले. पण ते बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

‘एवढं काय त्या कुत्र्यात?’ हा प्रश्न मी माझ्या खोलीत कोणालाही विचारू देत नाही. जपानमधील संशोधकांनी 2015 साली दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्या जवळिकीत ज्याचा वाटा असतो, तेच हे संप्रेरक. झाडांचेही तसेच आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी 1976 साली अमेरिकेतील एका वृद्धनिवासातला प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या वृद्धांना लहानसहान निर्णय स्वतः घेण्याची मुभा होती आणि एक रोप स्वतः सांभाळायला दिले होते, ते इतरांपेक्षा अधिक उत्साही आढळले. इतरांनाही रोप मिळाले होते, पण त्याला पाणी परिचारिका घालत असत. तेव्हा कोणाची तरी काळजी घेणे ही निवृत्तीनंतरच्या आयुष्यातली फार मोठी शक्ती आहे, आणि जुन्या काळी गुलशनाबाद, म्हणजे बागांचे शहर, म्हणवल्या जाणाऱ्या या नाशकात तरी कुंड्यांच्या वेडाबद्दल कोणी माफी मागण्याचे कारण नाही. मला शोधायचे होते ते एवढेच, की ही शक्ती कोणत्या वळणावर पायात येऊ लागते.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांत झाली आहे आणि ती मी लपवत नाही. प्रसंग आपल्याला जितका छळतो त्याहून ‘असे होताच कामा नये’ हा आपला हट्ट अधिक छळतो, हे त्यांचे सांगणे मला इतक्या वर्षांच्या कामात वारंवार पटलेले आहे. म्हणून दुसऱ्या भेटीत मी मालतीताईंना साध्या प्रश्नांच्या वाटेने नेले.

‘तुम्ही गेलात तर काय होईल?’

‘तो जेवणार नाही.’

‘मग?’

‘एक दिवस जेवणार नाही.’

‘आणि मग?’

‘दुसऱ्या दिवशी… जेवेल बहुतेक.’

‘आणि अडेनियम?’

‘ते कुजेल. हे पाणी घालतच राहतील.’

‘कुजलं तर?’

‘खूप वाईट वाटेल.’

‘सहनच होणार नाही, इतकं?’

त्या रागावल्या. ‘तुम्ही बाग केलेली दिसत नाही, मॅडम.’ (केली आहे, पण तो त्या वेळी वादाचा विषय नव्हता.) मी त्यांना एवढेच सुचवले की एकदा करून पाहू. पुण्याला बहिणीकडे तीन रात्री राहायचे, खंड्या आणि बाग यजमानांवर सोपवायची, वही घरी ठेवायची आणि दिवसातून एकदाच, रात्री, फोन करायचा.

पुण्याहून परतल्यावर त्या आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. काहीतरी बिनसले असणार, असेच कोणालाही वाटले असते.

‘कसं झालं?’

‘काही झालं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्या रात्री दाराशी बसून होता म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या हातून सगळी भाकरी खाल्ली. थंड दह्यातली. आणि ह्यांनी त्याला डावीकडच्या गल्लीने नेलं, तर त्या टोळीशी शेपूट हलवून आला.’

‘मग हे तर चांगलंच झालं.’

त्या गप्प राहिल्या. मीही घाई केली नाही. समोरचा माणूस स्वतःपाशी काहीतरी कबूल करण्याच्या बेतात असतो, तेव्हा समुपदेशकाने धीर देणारे वाक्य गिळावे, हे मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगते. बऱ्याच वेळाने मी विचारले, ‘तो जेवला नसता, तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?’

‘असं कसं विचारता?’ असे म्हणता म्हणताच त्यांचे डोळे भरून आले, आणि मग त्या हसायला लागल्या. ‘थोडं,’ त्या म्हणाल्या. ‘खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं असतं.’

त्या हसण्यासाठी मी सगळ्या भेटी घालवायला तयार असते. माणूस स्वतःच्या भाबड्या स्वार्थावर हसू शकला की तो त्याच्या तावडीतून निम्मा सुटलेला असतो. पुढचे बोलणे त्यांनी स्वतःच केले. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्याकडे असे. रजा घ्यायची तर आधी किल्लीचे रीतसर हस्तांतर करावे लागे, आणि त्यामुळे त्यांनी रजा क्वचितच घेतली. ‘मी नसले तर शाखा उघडणार नाही, असं वाटायचं.’ मी विचारले, ‘तुम्ही निवृत्त झालात त्याच्या दुसऱ्या दिवशी शाखा किती वाजता उघडली?’ त्या म्हणाल्या, ‘हे मी कधी कोणाला विचारलंच नाही.’

आपल्यावाचून अडते म्हणून आपण प्रिय आहोत, अशी समजूत एकदा मनात घट्ट बसली की ज्याचे अडत नाही त्याच्या प्रेमावर विश्वासच बसत नाही. खंड्याची भाकरी दुसऱ्याच्या हातूनही संपते, तरी मालतीताई पुण्याहून आल्या तेव्हा तो फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांच्या पायात पायात करत होता. बुडापेस्टमधील अभ्यासकांनी 1998 साली मालक आणि कुत्रे यांच्या जोड्यांचे निरीक्षण केले होते. मालक जवळ असताना कुत्री परक्या खोलीत अधिक मोकळेपणाने वावरली, खेळली, आणि थोडा वेळ बाहेर गेलेला मालक परतल्यावर अनोळखी माणसापेक्षा त्याच्याकडे अधिक ओढीने गेली. भूक भागवणारा हात कोणाचाही चालतो. ओढ मात्र माणूस पाहून असते.

यानंतर आम्ही तिकिटाकडे वळलो, आणि तिथे मला ती गोष्ट दिसली जी या चिंतेत बहुधा दडलेली असते. मालतीताईंनी सरेला न्यायच्या सामानाची यादी केली होती: भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लाडवाचा रवा. ‘तिचे गुडघे दुखतात. मी तिथे स्वयंपाक करीन, तेवढीच तिला विश्रांती.’

‘तिनं तुम्हाला स्वयंपाकाला बोलावलंय का?’

‘नाही. पण नाहीतर तिथे मी करणार काय?’

जे आयुष्यभर दुसऱ्यांच्या उपयोगी पडत आले, त्यांना पाहुणे होणे सर्वांत अवघड जाते. कुत्रा आणि बाग यांच्यापाशी आपली जागा पक्की असते, कारण तिथे आपण देणारे असतो. चाळीस वर्षांची मैत्री असलेल्या मैत्रिणीच्या घरी मात्र आपण नुसते बसायचे, तिने केलेला चहा प्यायचा आणि तिला आपल्या येण्याचा आनंद झाला आहे एवढ्यावर विश्वास ठेवायचा, हे अशा माणसाला जवळजवळ निर्लज्जपणाचे वाटते. परदेशी जाण्याची टाळाटाळ पुष्कळदा इथून सुरू होते. कुत्र्याचे कारण तेवढे तयार सापडते. मी त्यांना सराव दिला: शेजारणीकडे चहाला जायचे, काही न नेता जायचे आणि कप विसळायला उठायचे नाही. पहिल्या वेळी कप विसळला गेलाच. दुसऱ्या वेळी मात्र त्या बसून राहिल्या, आणि शेजारणीने आपल्या सुनेविषयी जे कधी सांगितले नव्हते ते त्या दिवशी सांगितले.

ज्यांना हीच चिंता आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या काही गोष्टी इथेच सांगते. बागवाल्या नाशिककराने इंग्लंड-युरोपला जुलै-ऑगस्टमध्ये जावे. तिथे उन्हाळा असतो आणि इथे निम्मे पाणी पाऊस घालतो. तेव्हा धोका तहानेचा नसून पाणी साचण्याचा असतो, म्हणून कुंड्यांची भोके मोकळी करून अडेनियम आणि निवडुंग आडोशाला ठेवावेत. उन्हाळ्यातच जायचे असेल तर ठिबकाला टायमर लावून निघण्यापूर्वी आठवडाभर तो नीट चालतो का ते पाहावे. कुत्रा शक्यतो स्वतःच्या घरात, ओळखीच्या माणसाजवळ राहावा. बाहेर ठेवायचा असेल तर ती जागा आधी पाहावी आणि एखाद-दुसरी रात्र ठेवून अंदाज घ्यावा. रेबीजची लस आणि गोचिडांचे औषध जाण्यापूर्वी देऊन घ्यावे, आणि आजारपणात किती खर्चापर्यंत न विचारता उपचार करावेत हे पशुवैद्यांना व सांभाळणाऱ्याला लिहून द्यावे. मध्यरात्री परदेशात फोन लागत नाही तेव्हा त्याची किंमत कळते. आपली न धुतलेली ओढणी त्याच्या अंथरुणात ठेवावी. निघताना त्याच्या गळ्यात पडून रडू नये. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू देतो, म्हणून पहिल्याच खेपेला तेवढे राहायलाच हवे असे नाही. चार-पाच आठवडे पुरे होतात. आणि रोजचा अहवाल मागवू नये. तो कुत्र्यासाठी नसतो.

मालतीताई गेल्या. तिथून त्यांनी मला जे लिहिले त्यात राजवाडे जवळजवळ नव्हतेच. इंग्लंडमध्ये 1927 पासून चालत आलेली एक रीत आहे: सामान्य माणसे वर्षातला एखादा दिवस आपली घरची बाग लोकांना पाहण्यासाठी खुली करतात, थोडे शुल्क घेतात आणि जमलेला पैसा रुग्णसेवेच्या संस्थांना जातो. मैत्रिणीने त्यांना अशाच एका बागेत नेले. तिथल्या वृद्ध मालकिणीशी गोगलगायींवर त्यांचा अर्धा तास संवाद झाला. दोघींच्या इंग्रजी उच्चारांत महदंतर असूनही गोगलगायींविषयीचा संताप एकच निघाला. परतीच्या आगगाडीत समोरच्या बाकाखाली एक कुत्रा निजला होता. तिथे रेल्वेत कुत्र्याला तिकीट पडत नाही, हे कळल्यावर खंड्याला रेल्वेने पुण्याला नेता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला. आणि पत्राच्या शेवटी: ‘चहा तीच करते. मी बसून राहते.’

इकडे यजमानांनी अडेनियमना आडोसा दिला, पण सवयीने पाणीही घातले, आणि दोन झाडे कुजली. त्यांनी हे आठवडाभर सांगितले नाही. परतल्यावर मालतीताई मला म्हणाल्या, ‘दोन गेली. वाईट वाटलं, पण मी इथे असते तरी एखादं गेलंच असतं.’ पाच महिन्यांपूर्वी याच बाई याच झाडावरून माझ्यावर रागावल्या होत्या, आणि या वाक्याचे मला समाधान वाटले हे कबूल करायला हरकत नाही.

मात्र प्रत्येकाने जावेच, असा माझा आग्रह नाही. कुत्रा चौदा वर्षांचा असेल, मूत्रपिंडाच्या विकाराने खंगला असेल, किंवा घरात सांभाळणारे दुसरे कोणीच नसेल, तर न जाण्याचा निर्णय शहाणपणाचा असू शकतो. माझ्याकडे आलेल्या एका सद्गृहस्थांनी तो घेतला आणि त्याबद्दल त्यांना आजही खंत नाही. अशा वेळी मित्रालाच इकडे बोलवावे. नाशिकची थंडी डिसेंबर-जानेवारीत पाहुण्यांना मानवते. मालतीताईंची मैत्रीणही येत्या डिसेंबरात इंदिरानगरात तीन आठवडे राहायला येत आहे, आणि तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचे की नाही, हा आमच्या मागच्या भेटीचा विषय होता. भाजी निवडण्यापुरते येऊ द्यावे, असे ठरले आहे.