केळीच्या पैशावर कार रेसिंग: नाशिकचा क्लब की दक्षिणेतला सिझन?

रावेर तालुक्यातल्या एका वाचक भाऊंचं पत्र आलं आहे. वय ३१. वडिलांसोबत, म्हणजे नानांसोबत, आठ एकर केळी आणि सावद्याला कृषी सेवा केंद्र. वहिनी शिकवण्या घेतात, मुलगी तीन वर्षांची. बँकेत साडेसहा लाखांची एफडी, महिन्याला पाच हजारांची एसआयपी, चार वर्षांपूर्वी काढलेला एक कोटीचा टर्म इन्शुरन्स आणि दारात सात वर्षं जुनी स्विफ्ट. कार रेसिंगचा नाद कॉलेजपासूनचा. आता दोन क्लबांपैकी एक निवडायचा आहे.

पहिला नाशिककडचा. वर्षाची वर्गणी पाच हजार, इव्हेंटला साधारण पाच हजार एन्ट्री फी, गाडी स्वतःची. वर्षात तीन ऑटोक्रॉस आणि दोन टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स, रॅली. दुसरा दक्षिणेतला. सिझनचे सव्वाचार लाख, त्यात टीमची रेस कार, मेकॅनिक आणि चार फेऱ्या: दोन चेन्नईला, दोन कोइम्बतूरला. डॅमेजचं डिपॉझिट ७५ हजार वेगळं, आणि महिनाअखेरपर्यंत ५० हजारांचं टोकन भरलं तर सवलत. एफडी मोडू की केसीसीचे, म्हणजे किसान क्रेडिट कार्डाचे, तीन लाख उचलू, असं भाऊंनी विचारलंय. आणि शेवटी एक ओळ: "शेतकऱ्याच्या पोराने हा नाद करावा का, हे विचारत नाही, फक्त कोणता क्लब ते सांगा."

भाऊ, राम राम. करावा का, हे मीही विचारत नाही. नाद करायचं तुमचं ठरलंय, मग पैशांचं तेवढं बोलू.

गेल्या तीन वर्षांचा हिशोब तुम्ही प्रामाणिकपणे मांडलात: घर आणि शेती भागवून एका वर्षी नऊ लाख उरले, एका वर्षी साडेचार, आणि मागच्या वर्षी दीड. त्याखाली "सरासरी पाच लाख" लिहून रेघ ओढलीत. माझं भांडण त्या रेघेशी आहे. पाच लाख शिल्लक तुमच्या घरात यातल्या एकाही वर्षी राहिलेली नाही. बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव चढला तर नऊ येतात, वादळात बाग आडवी झाली किंवा मोझॅक रोग शिरला तर दीड. फळपीक विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो: थंडी, उष्णता, वारा. मोझॅकला त्यात जागा नाही, आणि मंजूर झालेले पैसेही गरजेच्या दिवशी हातात पडतातच असं नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत स्वस्त-महाग याआधी मी दुसरंच बघतो. वर्ष मध्येच बिघडलं तर खर्च थांबवता येतो का? नाशिकच्या क्लबात थांबवता येतो. ऑगस्टात बाग पडली तर सप्टेंबरच्या इव्हेंटला जायचं नाही, संपलं. दक्षिणेतल्या पॅकेजात पैसे आधी जातात आणि बाग नंतर पडते. बँकेत पगार जमा होणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरला मी कदाचित उलट सल्ला दिला असता.

आता आकडे. नाशिकचा पहिल्या वर्षाचा खर्च तुम्ही तीस हजार धरलाय. तो तेवढ्यात भागणार नाही. वर्गणी पाच हजार आणि पाच एन्ट्रींचे २५ हजार, इथवर ठीक. पण सावदा ते नाशिक जाऊन-येऊन पावणेसहाशे किलोमीटर. पेट्रोल, टोल, दोघांचं राहणं-खाणं धरून फेरीला सात हजार, म्हणजे पाच फेऱ्यांचे ३५ हजार. हेल्मेट आणि हातमोज्यांचे २० हजार. आणि तुमच्या कागदावर अजिबात नसलेली बाब, गाडीची झीज. ऑटोक्रॉस मातीवर आखलेल्या ट्रॅकवर घड्याळाशी होतो. तिथे टायर, शॉकअप, खालचे आर्म आणि बुश यांची वाट लागते, एअर फिल्टर धुळीने भरतो. त्याचे ४० हजार धरा. बेरीज सव्वा लाख.

दक्षिणेतलं गणित: सव्वाचार लाख, डिपॉझिट ७५ हजार, चार वेळा जाण्या-राहण्याचे ८० हजार, आणि आगीला टिकणारा सूट, हेल्मेट, बूट, मानेला आधार देणारं हान्स यांचे सगळे मिळून ९० हजार. झाले सहा लाख ७० हजार. मोडायला काढलेल्या एफडीपेक्षा २० हजार जास्त. सव्वाचार लाखांत जीएसटी आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल आणि १८ टक्क्यांनी लागला तर आणखी साडेशहात्तर हजार. डिपॉझिट परत मिळतं हे खरं, पण गाडी न ठोकता. नवख्या ड्रायव्हरचा पहिला सिझन कोरा जाईल, असं धरून मी तरी बजेट करणार नाही.

पैशांइतकाच तुमचा वेळही जातो. राष्ट्रीय स्पर्धांचा हंगाम साधारण पावसाळ्यापासून वर्षअखेरीपर्यंत चालतो, आणि खत-औषधाच्या दुकानाचा खरा धंदाही पावसाळ्यातच होतो. भुसावळहून नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई गाठायला दिवस-रात्र जाते. सराव, क्वालिफाइंग, रेस आणि परतीचा प्रवास धरला की एका फेरीला आठवडा गेला. त्या आठवड्यात गल्ल्यावर कोण बसणार? नाना बाग सोडून बसणार असतील तर त्यांना आधी विचारा.

तरी एका बाबतीत दुसरा क्लब सरळ जिंकतो, हे लपवणार नाही. तुमच्या पत्राप्रमाणे तिथे फेरीला दीड तास ट्रॅकवर मिळतो, म्हणजे सिझनभरात सहा तास, तेही शेजारी दुसरी गाडी असताना. ऑटोक्रॉसची एक रन मिनिटा-दोन मिनिटांत संपते. तिन्ही इव्हेंट मिळून वेगात गाडी हाकण्याची मिनिटं मोजलीत तर नाशिकच महाग पडेल. टीएसडीत दिवसभर गाडी चालते, पण ती वेगाची शर्यतच नाही. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने ठरल्या ठिकाणी ठरल्या वेळी पोचायचं, उशीर झाला तरी दंडाचे गुण आणि लवकर पोचलात तरी. तुम्हाला चाकाला चाक लावून रेसच करायची असेल तर दक्षिणेला तोड नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासून तिथे आहे, आणि कोइम्बतूरने नारायण कार्तिकेयनसारखा फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर दिला. आपल्या खान्देशातून जवळ म्हणावा असा एकही ट्रॅक नाही. ती ओढ मला समजते. पण ऑटोक्रॉसची एकही रन न केलेल्या माणसाने पहिल्याच वर्षी सहा तासांसाठी पावणेसात लाख मोजावेत, हे पटत नाही.

केसीसीचं विचारलंत, त्याचं उत्तर नाही. ते पीककर्ज आहे. तीन लाखांपर्यंत सात टक्के व्याज, वेळेत फेडलं तर तीन टक्क्यांची सूट आणि वर पंजाबराव देशमुख योजनेची सवलत, म्हणजे वेळेत फेडणाऱ्याला ते जवळपास फुकट पडतं. एवढे स्वस्त पैसे दिसले की हात शिवशिवतात, हे दरवर्षी बघतो. पण ते रेसिंगमध्ये गेले की बागेची रोपं, ठिबक आणि खत कशातून येणार? दुकानातून उधारीवर, आणि दुकान तुमचंच. मुदतीत भरणा झाला नाही की सवलत जाते, तीन लाखांवर वर्षाचे २१ हजार व्याज लागतं आणि सोसायटीत नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं काढत बसावं लागतं. शिवाय शेतीच्या नावावरचं कर्ज रेसिंगला वापरणं हे मुळातच नियमात बसत नाही.

एफडीला अजिबात हात लावू नका. आठ एकरांना तुमच्याच हिशोबाने एकरी लाख-सव्वा लाख लागतात. ते साडेसहा लाख म्हणजे बाग पडली तर पुन्हा उभी करायचे पैसे आहेत. फक्त त्यावर तसं लिहिलेलं नाही. नाशिकचा सव्वा लाख एफडीतून न काढता यंदाच्या कापणीतून बाजूला ठेवा, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचा (वर्षाच्या गड्याचा) हिशोब करता तेव्हा याचाही करून टाका. मागच्या वर्षासारखे दीडच लाख उरले तर त्या वर्षी दोनच इव्हेंट. एसआयपी चालू राहू द्या.

विम्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही, म्हणून मी जास्त लिहितो. गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, आणि संघटित रेसिंग, वेगाची चाचणी व रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) त्यातून वगळलेले असतात. ऑटोक्रॉसमध्ये स्विफ्ट उलटली तर दुरुस्ती तुमच्या खिशातून. टीएसडी वेगाची नाही म्हणून सुटते असं समजू नका. तीही रिलायबिलिटी ट्रायलच्या गटात जाते, आणि ती तर वाहत्या रस्त्यावर होते. त्यासाठी आयएमटी ३१ नावाचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कलम, असतं, जादा प्रीमियम भरून रॅलीपुरतं संरक्षण वाढवून घेता येतं. एजंटला आकड्यानिशी विचारा, नाहीतर तो "सगळं कव्हर आहे भाऊ" म्हणून मोकळा होईल.

मेडिक्लेमच्या प्रमाणित अपवादांत मोटर रेसिंगचं नावच आहे, पण तिथला शब्द "व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास" असा आहे. तुम्ही हौशी. तरी बक्षिसाच्या रकमेच्या स्पर्धेत उतरल्यावर कंपनी काय म्हणेल, ते आधीच ई-मेलवर लेखी घ्या. टर्म पॉलिसीच्या फॉर्ममध्ये धोक्याच्या छंदांचा प्रश्न असतो. चार वर्षांपूर्वी तुम्ही "नाही" लिहिलंत आणि तेव्हा ते खरंच होतं. आता छंद बदलला की कळवावं लागतं का, ते पॉलिसीच्या अटींत बघा, आणि लागत नसलं तरी कळवून पोच ठेवा. वहिनींना उद्या क्लेमसाठी भांडावं लागू नये, एवढ्यासाठी.

क्लब कोणताही असो, तो फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयशी संलग्न आहे का आणि त्या-त्या इव्हेंटला तिची परवानगी आहे का, हे आधी बघा. स्पर्धेचं लायसन्सही तीच देते. त्यासोबत अपघात विमा येतो का, किती रकमेचा, तेही विचारा. हेल्मेट घेताना दुकानदार बाइकचं गळ्यात मारेल. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या शिक्क्यात एम म्हणजे मोटरसायकल आणि एसए म्हणजे कार, ज्याचं अस्तर आगीला टिकतं. क्लबला कोणतं चालतं, ते विचारूनच पैसे टाका.

दुकानाचं नाव गाडीवर लावून हा खर्च जाहिरातीत दाखवता येईल का, असंही विचारलंत. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी असावा लागतो. सावद्याच्या कृषी केंद्राचा स्टिकर चेन्नईच्या ट्रॅकवर कोणत्या केळी उत्पादकाला दिसणार, याचं उत्तर तुमच्या सीएला द्यायचंय, मला नाही.

तर नाशिक. पहिलं वर्ष आहे त्या स्विफ्टवर, वेगळी गाडी न घेता. जुनी जिप्सी किंवा एस्टीम घेण्याचा मोह होईल, तो वर्षभर पुढे ढकला. त्याआधी एखाद्या शनिवार-रविवारी कोल्हापूर किंवा मुंबईला कार्टिंग करून बघा. थोड्या पैशांत शेजारी गाडी असताना आपला पाय ॲक्सिलरेटरवर टिकतो की नाही, ते कळतं. सराव म्हणून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर रात्री गाडी पळवाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, आणि समोरून केळीचा ट्रकही आहे.

एक चांगलं वर्ष गेलं, पाचही इव्हेंट झाले, आणि एफडीला हात न लावता वर चार-पाच लाख उरले, तर दक्षिणेचा विचार पुन्हा करू. तेव्हाही पूर्ण सिझन न घेता एका फेरीचं पॅकेज मागा. टीमला भाडेकरू हवा असतो, मागितलं तर देतात बऱ्याचदा.

महिनाअखेरचं टोकन भरू नका. फोन आला तर त्यांना तीन गोष्टी लेखी मागा: टोकन कोणत्या अटीवर परत मिळतं, डॅमेजचं बिल कोण ठरवतं आणि त्याला कमाल मर्यादा किती, आणि एखादी फेरी रद्द झाली तर पैसे परत की पुढच्या वर्षी वळते. उत्तर आलं तर मला पाठवा. आणि टीएसडीला शेजारी बसून सेकंदांचा हिशोब ठेवणारा नॅव्हिगेटर लागतो. वहिनी गणिताच्याच शिकवण्या घेतात असं तुम्ही लिहिलंय. मुलीला दोन दिवस आजीकडे ठेवता आलं, तर त्यांना विचारून बघा.