मुलांना सुपरहिरोचा सिनेमा बघायला नेण्याआधी

नुसतं ‘कार्टूनमधला हिरो आहे’ म्हणून तिकीट काढू नका. आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे (म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचे सिनेमे) ७+, १३+ आणि १६+ असे वयानुसार तीन भाग झालेत. पण यूएला दारावर कोणी अडवत नाही, ठरवायचं पालकांनीच. ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्यांना प्रवेशच नाही, मग कोथरूडच्या मल्टिप्लेक्सवर कितीही हुज्जत घाला.

माझ्या मते लहान मुलांना मारामारी फारशी छळत नाही. छळतात ती आई-बाबा जाण्याची दृश्यं, आणि या कथांचा पायाच तो. बॅटमॅनच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांना गोळ्या घालतात, सुपरमॅनचा तर अख्खा ग्रह नष्ट होतो. म्हणून सिनेमा बघून आलेल्या कोणाला तरी सरळ विचारा, कोण मरतं आणि कसं दाखवलंय? शेवट कळला तर कळू दे. ट्रेलरवर विसंबू नका.

पहिल्यांदा नेताना थ्रीडी नको, चिमुकल्या नाकावरून चष्मा सारखा घसरतो. सकाळचा शो, कडेची सीट. मध्यंतरात मूल ‘घरी जाऊया’ म्हणालं तर मुकाट उठा, पैसे वसूल करायला बसू नका. (अस्सल पुणेकराला अवघडच जातं ते.)