वाचकांचे प्रश्न : थंड पाण्यातला मोठा बास

प्रश्न : कोल्हापूरला असताना पंचगंगेत गळ टाकून बसण्याचा नाद होता. आता नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. वसंतात लेक फोर्क या जलाशयात लार्जमाउथ बास हे गोड्या पाण्यातले शिकारी मासे चांगले लागतात, पण डिसेंबर उजाडला की त्याच जागी आणि त्याच आमिषावर दिवसभर काही लागत नाही. थंडीत मोठा बास खाणे सोडतो का? — एक वाचक, प्लेनो

उत्तर : खाणे सोडत नाही, पण पाठलाग करणे मात्र सोडतो. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर उतरते, त्याचे पचन मंदावते आणि एकदा गिळलेले भक्ष्य उन्हाळ्यापेक्षा कितीतरी अधिक काळ त्याला पुरते. म्हणून थंडीतला बास क्वचित खातो आणि खाताना कमीत कमी हालचालीत पदरात पडेल असा घास निवडतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की सर्वांत वजनदार बास या माद्या असतात आणि वसंतात घालायची अंडी त्यांच्या पोटात हिवाळाभर वाढत असतात. वर्षभरातील त्यांचे सर्वाधिक वजन हिवाळ्याच्या उत्तरार्धात आणि विणीच्या तोंडावर भरते ते यामुळेच. टेक्सासचा राज्यविक्रम याच तलावातला आणि ऐन हिवाळ्यातला आहे : २४ जानेवारी १९९२ रोजी बॅरी सेंट क्लेअर हे क्रॅपी या लहान माशासाठी जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) लावून बसले असता सुमारे ४२ फूट खोलीवर त्यांच्या गळाला १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा बास लागला. जागच्या जागी राहिलेले एवढेसे आमिष एवढ्या मोठ्या माशाने घेतले, यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

आता जागेविषयी. ‘खाली पाणी उबदार असते, म्हणून खोल जा’ असे सर्रास सांगितले जाते. बर्फाने झाकलेल्या उत्तरेकडील तलावांत ते खरे आहे, कारण पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि तळाशी बसते. पूर्व टेक्सासमध्ये मात्र हिवाळ्यात वाऱ्याने पाणी घुसळले जाऊन वरखाली जवळजवळ सारख्याच तापमानाचे होते. तिथे खोलीमुळे ऊब मिळत नाही, स्थैर्य मिळते : थंडीची लाट आली तरी खोल पाण्यात फरक हळूहळू पडतो. म्हणून नुसती खोली शोधण्यापेक्षा, जिथे खोल आणि उथळ पाणी अगदी शेजारी शेजारी आहे अशा जागा शोधाव्यात. बुडालेल्या ओढ्याचे पात्र जिथे वळण घेऊन काठाच्या सोंडेला भिडते, किंवा जिथे काठ एकदम खाली उतरतो, तिथे बासला दुपारचे ऊन घ्यायला चार-सहा फूट वर आले तरी पुरते. लेक फोर्कमध्ये पाण्यात उभी राहिलेली जुनी झाडे विपुल आहेत. त्यांपैकी पात्राच्या कडेची झाडे आधी पाहावीत. आपण वसंतात बसता तो उथळ, पसरट किनारा या काळात रिकामा असण्याचीच शक्यता अधिक. सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) बासचे भक्ष्य असलेल्या शॅड माशांचे थवे दिसत नसतील तर जागा कितीही देखणी असली तरी तिथे वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमिषांत जिग (शिशाचा गोळा जडवलेला गळ) उत्तम, पण पाण्याचे तापमान ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली गेले की मी जर्कबेटला (माशाच्या आकाराच्या कृत्रिम आमिषाला) पहिली पसंती देईन; तेही पाण्यात न बुडता, न तरंगता, आहे तिथेच थांबणारे. याचे कारण भक्ष्यात आहे. थ्रेडफिन शॅड या माशाला थंडी सोसत नाही. पाणी साधारण ४५ फॅरनहाइटच्या खाली गेले की तो लुळा पडतो आणि मरू लागतो. मरणारा शॅड एकदोन वेळा थरथरतो आणि मग तिरपा होऊन स्थिर राहतो. आपल्यालाही हुबेहूब तेवढेच करायचे आहे : आमिष फेकून, रील फिरवून ते खोलीवर न्यावे, रॉडच्या टोकाने दोन हलके झटके द्यावेत, दोर किंचित सैल सोडावी आणि थांबावे. मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत. पाणी फारच गार असेल तर त्याहून जास्त. बहुतेकांचा धीर आठव्या-नवव्या आकड्याला सुटतो. घास लागतो तो याच थांब्यात, आणि उन्हाळ्यासारखा हिसका न बसता दोर नुसती जड होते किंवा बाजूला सरकू लागते. म्हणून नजर दोरीवरून हलवू नये. फ्लोरोकार्बन दोर वापरल्यास ती पाण्यात बुडते आणि आमिष खोलीवर राहायला मदत होते.

वेळेचे सांगायचे तर पहाटेचा हट्ट सोडावा. सलग दोन-तीन दिवस ऊन पडले असेल, तर शेवटच्या दिवसाची दुपार साधावी.

प्रश्न : खोल पाण्यातून वर आणलेला बास सोडल्यावर उताणा तरंगत राहतो. त्याला कसे वाचवावे? — तेच वाचक

उत्तर : बासच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्यातील वायू त्याला चटकन बाहेर टाकता येत नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून मासा झटपट वर आणला की तो वायू दुपटीने फुगू पाहतो आणि मासा खाली जाऊ शकत नाही. सुईने वायू काढण्याची पद्धत आहे, पण ती जाणत्याच्या हाताखाली शिकल्याशिवाय करू नये. मासा सोडायचाच असेल तर फार खोलातला मासा धरूच नये, हे उत्तम. मोठ्या मादीला केवळ जबड्याने लटकवू नये. ओल्या हाताने पोटाखाली आधार देऊन आडवी धरावी आणि छायाचित्र घ्यायचे तर क्षणात घेऊन पाण्यात सोडावी.

लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास नियमानेच परत सोडावा लागतो. १३ पौंडांवरचा मासा १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात लागला, तर राज्याच्या ‘शेअरलंकर’ उपक्रमात तो प्रजननासाठी देता येतो. हा उपक्रम १९८६ पासून चालू आहे आणि आपण तो मासा जरूर द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : माझे यजमान जानेवारीत एकटेच बोट घेऊन जातात. मला काळजी वाटते. — एक वाचक, अर्विंग

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. गार पाण्यात पडताच माणूस अनावरपणे धापा टाकतो आणि त्या पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. त्यातून सावरला तरी दहा-एक मिनिटांत हातपाय काम देईनासे होतात. म्हणून लाइफ जॅकेट बोटीत ठेवलेले नव्हे, अंगात घातलेले हवे. इंजिन बंद करणारी दोरी बोट धावत असताना अंगाला अडकवलेली असावी. लहान मोटरबोटींसाठी एप्रिल २०२१ पासून अमेरिकेचा कायदाही तेच सांगतो. कोरड्या कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत द्यावा, कोणत्या धक्क्यावरून निघणार आणि किती वाजता परतणार हे लिहून घ्यावे आणि शक्यतो त्यांना सोबतीला कोणीतरी घेऊनच जायला सांगावे.