जुन्या गाडीचे वायपर अगदीच हळू फिरतात. मोटर बदलावी का?

लगेच नको. बऱ्याचदा मोटर बिचारी ठणठणीत असते. लिंकेज (मोटरला वायपरशी जोडणारे दांडे) सोडवून नुसती मोटर चालवून बघा. ती जोरात फिरली तर दुखणं स्पिंडलमध्ये, म्हणजे वायपर ज्या आसावर फिरतो त्यात आहे: वर्षानुवर्षांचं ग्रीस सुकून डिंकासारखं घट्ट होतं. ते केरोसीननं धुऊन नवं ग्रीस भरा. स्पिंडल बोटांनी सहज फिरायला हवा.

मोटर एकटीही रेंगाळत असेल तर ती चालू असताना तिच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२.५ आणि मोटरवर १० व्होल्ट दिसले तर गंजलेलं अर्थिंग किंवा स्विच तपासा. व्होल्टेज पुरेसं असेल तरच मोटर उघडून ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) बघा.

चढावर वायपर मंदावतात आणि ॲक्सिलरेटर सोडताच पळतात? मग ते विजेवर नाही, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढण्याच्या जोरावर) चालणारे आहेत. इंजिनावर लोड आला की व्हॅक्यूम पडतो, तो त्यांचा स्वभावच. आधी रबरी नळी चिरली आहे का बघा. इलेक्ट्रिक किट बसवता येतं, पण मागवण्याआधी गाडी ६ व्होल्टची की १२ ची, आणि बॉडीला बॅटरीचं कोणतं टोक जोडलंय हे पाहाच. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते पॉझिटिव्ह असतं. मूळ मोटर मात्र फेकू नका.