पोबारा, नॅचरल ट्वेंटी आणि सहा-सहा-एक

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा: "आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा (डी अँड डी, म्हणजे फासे टाकत एकेक पात्र होऊन साहसकथा खेळायची) ग्रुप आहे, सगळं बोलणं मराठीत चालतं. वीस बाजूंच्या फाशावर नॅचरल ट्वेंटी, म्हणजे थेट वीसचा आकडा, पडली की आमच्यातला एकजण 'पोबारा!' म्हणून ओरडतो. दुसरा म्हणतो पोबारा म्हणजे पळून जाणं, राक्षसाला जोरदार फटका बसलाय तर पळायचं कशाला? बरोबर कोण? आणि पोबारा नको असेल तर दुसरा कुठला मराठी शब्द आहे?"

बरोबर दोघंही आहेत, फक्त का ते दोघांनाही माहीत नाही.

पळून जाणं हा अर्थ मी समजावत बसत नाही, पेपर वाचणाऱ्या कोणालाही तो पाठ असतो. चोरटे दुचाकीवरून येतात, मंगळसूत्र हिसकावतात आणि पोबारा करतात. हल्ली तर 'चोरटे पोबारा करून पळून गेले' असंही वाचायला मिळतं. अहो, पोबारा केला ना एकदा, मग परत पळून कुठे गेले? आणि याच्याही वर ताण म्हणजे क्रिकेटच्या बातमीतलं 'शेवटच्या ओव्हरमध्ये पासा पलटला'. हिंदीतला पासा जसाच्या तसा उचलून मराठीत आणून टाकलाय. मराठीत फासा असतो, आणि तो पलटत नाही, पडतो. दान पडतं, फासे उलटे पडतात, डाव उलटतो, पारडं फिरतं, एवढं सगळं घरात असताना शेजाऱ्याकडून मागून आणायची काय गरज होती कळत नाही. असो, हा राग नंतर.

पोबारा हा मुळात फाशांचाच शब्द आहे. पौ म्हणजे एक, आणि बारा म्हणजे सहा नि सहा. पौबाराचा पोबारा झाला. सोंगट्यांच्या खेळात, म्हणजे चौसरात, तीन फासे एकदम टाकतात, आणि हे फासे ल्यूडोच्या ठोकळ्यासारखे नसतात, लांबट कांडी असते, लाकडाची नाहीतर हस्तिदंताची, तिला पडू शकतील अशा चारच बाजू, आणि त्यांवर टिंबं असतात एक, दोन, पाच, सहा. तीन आणि चार नाहीतच. एकाच्या उलट बाजूला सहा, दोनाच्या उलट बाजूला पाच. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत चौसराचं वर्णन करताना हेच फासे सांगितलेत, तीन फासे आणि सोळा सोंगट्या. तर या तीन कांड्या टाकल्यावर दोनांवर सहा आणि एकावर एक आला की तो पोबारा. बेरीज तेरा.

इथे लगेच कोणीतरी म्हणणार की तेरा हे काही सगळ्यात मोठं दान नाही, सहा-सहा-सहा म्हणजे अठरा त्याहून मोठं. अगदी खरंय. पोबाराचा मान बेरजेमुळे नाहीये, चेहऱ्यामुळे आहे. पाच-सहा-दोनचीही बेरीज तेराच होते पण त्याला कोणी पोबारा म्हणत नाही. आणि नॅचरल ट्वेंटीचं नेमकं हेच आहे ना? तुमच्या बोनसची बेरीज करून चोवीस झाले तरी त्याला क्रिट, म्हणजे खास जोरदार फटका, म्हणत नाहीत, फाशावर स्वतः वीस दिसायला हवेत. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे फटका लागायला गाठावा लागणारा आकडा, कितीही असला तरी मग फटका लागतोच.

आता माझा आवडता भाग, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. तीन फासे, प्रत्येकाला चार बाजू, म्हणजे चार चोक सोळा नि सोळा चोक चौसष्ट, एकूण ६४ प्रकारे दान पडू शकतं. त्यात सहा-सहा-एक तीन प्रकारे येतं, कारण तो एकटा एक तिन्हीपैकी कुठल्याही फाशावर असू शकतो. ६४ मध्ये ३ म्हणजे साधारण ४.७ टक्के. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडायची शक्यता किती? २० मध्ये १, म्हणजे ५ टक्के. बघा म्हणजे! 'आहा' म्हणून ओरडायला लागावं असं दान किती वेळाने पडावं याचा अंदाज चौसरवाल्यांचा आणि डी अँड डीवाल्यांचा जवळजवळ एकच निघाला. अजून एक गंमत, या चार बाजूंची सरासरी काढा, एक दोन पाच सहा, बेरीज चौदा, भागिले चार, साडेतीन. साध्या सहा बाजूंच्या ठोकळ्याचीही साडेतीनच. म्हणजे चौसराच्या तीन फाशांनी ३ ते १८ मधलं काहीही पडतं आणि सरासरी साडेदहा, आणि जुन्या डी अँड डीत ताकद, अक्कल, चपळाई वगैरे सहा गुण ठरवायला तीन ठोकळे टाकतात तिथेही तेच ३ ते १८ आणि तेच साडेदहा. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी तो खेळ छापला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चौसर होता असं मी अजिबात म्हणत नाहीये, कृपया तसा फॉरवर्ड फिरवू नका. पण आजीच्या माळ्यावरचे फासे असतील तर कॅरॅक्टर बनवायला बिनधास्त वापरा, फक्त टोकाचे आकडे जरा जास्त पडतील, एकतर बाहुबली निघेल नाहीतर काडीपैलवान.

आणि हो, शकुनीला मध्ये आणू नका. मराठीत फाशांचा विषय काढला की पाचव्या मिनिटाला शकुनी येतोच. वैदिक काळातले अक्ष म्हणजे बेहड्याच्या बिया, त्या मूठभर घेऊन चाराने भाग जातो का, बाकी किती उरते, त्यावर कृत, त्रेता, द्वापर, कली ठरायचं. तिथे सहा-सहा-एक पडायचा प्रश्नच येत नाही. टीव्हीवर दाखवलेला पट डोक्यात ठेवून शब्दांची कुळं सांगू नयेत.

तर मग नशिबाच्या दानाचं पळून जाणं कसं झालं? यावर एक पहाटवाला पंथ आहे. त्यांचं म्हणणं, हिंदीत 'पौ फटना' म्हणजे उजाडणं, तर पोबारा म्हणजे उजाडायच्या आत निसटणं. बरं, मग बारा कुठून आले? पहाटेचे बारा वाजतात का यांच्याकडे? अर्ध्या शब्दाची व्युत्पत्ती सांगायची आणि उरलेला अर्धा खिशात घालायचा याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. दुसरा पंथ म्हणतो हे हिंदीतल्या 'नौ दो ग्यारह'चं भावंड, आकडे म्हटले की पळणं. तेही नाही, कारण हिंदीत पौ बारह होणं म्हणजे चांदी होणं, तिथे कोणी पळत नाही.

माझं म्हणणं असं की पळतो तो माणूस नाही, सोंगटी पळते. चौसराच्या पटाची एक पट्टी आठ घरं लांब. तुमची सोंगटी एकटी पडलीय, जुग फुटलंय, म्हणजे जोडीदार सोंगटी त्या घरात उरलेली नाही, आणि मागून दुसऱ्याची सोंगटी टप्प्यात आलीय. पुढच्या दानाला ती मरणार आणि परत पहिल्यापासून सुरुवात. अशा वेळी पोबारा पडला आणि सगळं दान त्या एकटीला चालवलं तर तेरा घरं, अख्खी पट्टी ओलांडून पुढच्या वळणापार. मागचा बघत बसतो. नशीबही तेच आणि निसटणंही तेच, एकाच फेकीत.

पुरावा हवाय? गुजराती घ्या. तिथे 'पासा पोबार पडवा' म्हणजे काम फत्ते होणं, आणि 'पोबारा गणी जवुं' म्हणजे पळून जाणं. दोन्ही अर्थ एकाच भाषेत शेजारी शेजारी नांदतायत, आणि पळण्याच्या वाक्प्रचारात क्रियापद कुठलंय बघा, गणणं, मोजणं! काय मोजणार, घरंच ना. घरं मोजत मोजत पसार. मग हिंदीने नशीब घेतलं, मराठीने पळणं घेतलं आणि गुजरातीने दोन्ही ठेवून घेतलं. पहाटवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

म्हणूनच प्रत्येक पळण्याला पोबारा म्हणता येत नाही हे माझं ठाम मत आहे. घाबरून पळाला तर त्याने धूम ठोकली, ढुंगणाला पाय लावून पळाला. सैन्य मागे आलं तर माघार. मीटिंगमधून गुपचूप सटकलात तर मुंबईच्या भाषेत कलटी. पोबारा करायला मागे कोणीतरी लागलेलं हवं, तो पकडणार अशी वेळ आलेली हवी, आणि तुम्ही त्याच्या टप्प्याबाहेर गेलेले हवेत. डी अँड डीत हा फरक तर नियमातच आहे. शत्रूच्या आवाक्यातून नुसतं चालत निघालात की त्याला जाता जाता एक फुकटचा वार मिळतो, तेव्हा ते झालं पळणं, आणि बहुतेक वेळा महागात पडणारं. आधी डिसएंगेज, म्हणजे सावधपणे अंग काढून घेणं, केलं तर तो वार मिळत नाही, पण त्यात तुमची ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, खर्ची पडते. आणि रोग, म्हणजे आपला चोर, दुसऱ्या लेव्हलपासून तेच डिसएंगेज बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे मुख्य कृती शिल्लक ठेवून, करतो. म्हणजे सुरा खुपसायचा, वार न खाता बाजूला व्हायचं, आणि खांबाआड तीस फुटांवर. हा पोबारा! गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांनाही हे जमतं, म्हणून तर पाच फडतूस गॉब्लिन नवख्या खेळाडूंच्या टोळीला रडवतात, मारतात आणि झुडपात, मारतात आणि झुडपात. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तिथे 'गॉब्लिन पळाले' असं म्हणू नये, पोबारा केला म्हणावं, खेळणाऱ्यांना लगेच कळेल की ते परत येणार आहेत.

राहता राहिली तुमची नॅचरल ट्वेंटी. हल्ल्यात वीस पडली तर जुन्या अर्थाने पोबारा चूक नाही, पण आजच्या मराठी कानाला तुम्ही पळताय असंच वाटणार, तेव्हा तुमच्या दुसऱ्या मित्राचाही मुद्दा आहे. तिथे सरळ क्रिट म्हणा, नाहीतर 'काय दान पडलंय!' म्हणा, फाशाच्या फेकीला दान हा शब्द आहेच. 'नैसर्गिक वीस' मात्र म्हणू नका, ते खताच्या पिशवीवर शोभेल. आणि कुलूप उघडताना किंवा पहारेकऱ्याला थाप मारताना वीस पडली म्हणून टेबल डोक्यावर घेऊ नका, नियमाप्रमाणे त्या वीसला तिथे खास काही मान नाही, बेरीज करायची आणि पुढे जायचं. तुमच्या घरचा नियम वेगळा असेल तर तो तुमचा प्रश्न.

एकच जागा अशी आहे जिथे पोबारा दोन्ही अर्थांनी बसतो. हिट पॉइंट्स, म्हणजे अंगातला जीव मोजायचा आकडा, शून्य झालेत, कॅरॅक्टर जमिनीवर पडलंय, दर पाळीला डेथ सेव्ह, म्हणजे जगणार की मरणार याचा फासा, चालू. दहा किंवा वर पडलं तर एक पास, खाली पडलं तर एक नापास, एक पडला तर एकदम दोन नापास, आणि तीन नापास झाले की खेळ खलास. दोन नापास झालेले असताना वीस पडली तर? एक हिट पॉइंट मिळतो आणि गडी डोळे उघडून उठतो, यमाच्या हातावर तुरी देऊन. तिथे सगळ्यांनी मिळून ओरडा पोबारा, आणि त्या दुसऱ्या मित्रालाही ओरडायला लावा.