संवादाच्या सीनमध्ये दोन्ही पात्रं एकाच दिशेला बघतायत असं वाटतं. एडिटिंगमध्ये सुधारता येईल का?

कॅमेऱ्याने रेषा ओलांडलीय. दोन पात्रांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरा. सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने, म्हणजे १८० अंशांच्या आतच घ्यायचे. मग एक जण कायम उजवीकडे बघतो, दुसरा डावीकडे, आणि ते समोरासमोर बसलेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता शूट झालंच आहे, तर एका पात्राचे शॉट आडवे फ्लिप करून, म्हणजे आरशात दिसतात तसे उलटे करून बघा. मागे पाटी, घड्याळ किंवा शर्टावर अक्षरं असतील तर मात्र चोरी पकडली जाईल. मग मध्ये चहाच्या कपाचा क्लोजअप टाका, म्हणजे दिशा बदललेली तेवढी खुपत नाही.

पुढच्या वेळी प्रत्येक हालचाल वाइड (लांबून) आणि क्लोज (जवळून) अशा दोन्ही शॉटमध्ये पूर्ण करून घ्या. पात्र खुर्चीतून उठतंय ना, तर वाइडमध्येही पूर्ण उठू दे आणि क्लोजमध्येही. कट उठण्याच्या मधोमध मारला की तो जाणवतच नाही. त्याच पात्राच्या दुसऱ्या शॉटवर जाताना कॅमेरा निदान ३० अंश हललेला हवा, नाहीतर चित्र उडी मारल्यासारखं दिसतं.

आणि हो, प्रत्येक टेकनंतर, म्हणजे शॉट एकदा घेऊन झाला की, टेबलाचा मोबाइलवर फोटो काढा. आमच्या फिल्ममध्ये पात्र चहा पीत होतं आणि कपातला चहा दर कटला वाढत होता!