वाचकांचे प्रश्न : मासा कागदावर, शंख किनाऱ्यावर

शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांकडून माशांचे ठसे काढून घेते आहे. पापलेट वापरलं, पण खवले उमटतच नाहीत, नुसता काळा डाग येतो. काय चुकतंय? (कलाशिक्षिका, गुहागर)

निम्मी चूक पापलेटची आहे. त्याचे खवले बारीक आणि सैल, धुतानाच हाताला लागतात. बांगड्याचंही तेच. बोंबलाच्या वाटेला तर जाऊच नका. मोठ्या, घट्ट खवल्यांचा मासा हवा : बोय सगळ्यांत उत्तम, नाहीतर तांबोशी किंवा लहान जिताडा. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा पुरे. घेतानाच कोळणीला सांगा, खवले काढू नको, पोट फाडू नको.

उरलेली निम्मी चूक बुळबुळीत थराची. मीठ आणि लिंबू लावून मासा डोक्याकडून शेपटीकडे हलक्या हाताने चोळा. उलट चोळलात तर खवले उचकटतात. असं दोन-तीनदा करून धुवा आणि फडक्याने कोरडा टिपा. तोंडात, कल्ल्यांत आणि खालच्या छिद्रात कापसाचे बोळे घाला. दाब पडला की तिथूनच पाणी सुटतं आणि शाई फुटते. शेपटी आणि पर अधांतरी राहतात, त्यांच्याखाली शाडूची माती थापून अंगाच्या उंचीला आणा. टाचण्यांनी पसरून पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की पर ताठ होतात. मग टाचण्या काढा आणि पंखाही बंद करा, नाहीतर रंग माशावरच वाळेल.

ठशांच्या छपाईची पाण्यात विरघळणारी शाई किंवा पोस्टर कलर चालतो. चपट्या ब्रशने अगदी पातळ थर द्या, आधी डोक्याकडून शेपटीकडे, मग शेवटचा हात उलटा फिरवा. त्या उलट्या हातानेच खवल्यांच्या कडांना शाई धरते. डोळा कोरा सोडा, तो नंतर बारीक कुंचल्याने रंगवायचा. ड्रॉइंगचा जाड कागद माशाच्या अंगावर वळत नाही. पतंगाचा कागद किंवा खळ धुऊन काढलेलं मलमल घ्या. कागद एकदा टेकवला की सरकवायचा नाही. एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी मधून बाहेर दाबत जा, पर शेवटी.

सगळं काळं आलं तर शाई जास्त. कडा दुहेरी आल्या तर कागद हलला. मध्ये पांढरे ठिपके राहिले तर चिकटा नीट निघालेला नाही. पुन्हा शाई न लावता त्याच माशाचा दुसरा ठसा घेऊन बघा, बहुतेकदा तोच सरस येतो. ही कला जपानची, तिथे तिला ग्योताकू म्हणतात. १९व्या शतकात गळाला लागलेल्या माशाची नोंद म्हणून असे ठसे काढत. एक सूचना मात्र पाळा : बाजारची शाई लावलेला मासा कालवणात घालू नका.

वास्तुशांतीला कुणीतरी ‘इंद्रजाल’ नावाची समुद्री वनस्पती फ्रेम करून दिली आहे. घरात ठेवावी का? आणि किनाऱ्यावरचे शंख वेचणंही गुन्हा आहे का? (वाचक, रत्नागिरी)

ती वनस्पती नव्हे. असंख्य चिमुकल्या प्राण्यांच्या वसाहतीचा तो सांगाडा आहे, काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली या जीवांना संरक्षण आहे. विकणं, विकत घेणं, बाळगणं, तिन्ही गुन्हे. वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात कळवून ती त्यांच्या ताब्यात द्या. सुकवलेला समुद्रघोडा याच कायद्यात येतो. नॉटिलस आणि मोठा ट्रायटन शंखही संरक्षित आहेत, तेव्हा शोभेच्या दुकानात मोठा शंख दिसला तर लगेच हात घालू नका.

वाळूतले साधे शिंपले त्या यादीत नाहीत. तरी अख्खे शंख तिथेच राहू द्यावेत असं आमचं मत, कारण शंखात राहणाऱ्या खेकड्यांना वाढताना मोठं घर लागतं आणि ते त्यांना स्वतः बांधता येत नाही. कलाकुसरीला फुटके तुकडे आणि सुटे शिंपले भरपूर मिळतात. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, सावलीत वाळवा. संडास धुण्याचं ॲसिड मुळीच नको : शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिडमध्ये फसफसून झिजतो. चकाकीसाठी खोबरेल लावलं तर खवट वास येतो, लिक्विड पॅराफिन लावा. चिकटवायला दोन नळ्यांचं इपॉक्सी घ्या. पांढरा गम कोकणातल्या पावसाळी दमटपणात सुटतो.

खडकांतल्या डबक्यांतले जीव बघायचे आहेत. अष्टमीला भर ओहोटीला गेलो, तरी पाणी फारसं हटलं नव्हतं. (वाचक, दापोली)

अष्टमीला भांग असतो. ओहोटी येते, पण पाणी थोडंच उतरतं. उधाणाचे दिवस धरा : पौर्णिमा, अमावास्या आणि नंतरचे दोन-तीन. जुना हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे त्याआधी साधारण सहा तास, सकाळी साडेसातच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. उजेडही आणि उतरलेलं पाणीही, म्हणून द्वितीया-तृतीया आम्हाला सर्वांत सोयीची वाटते. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही पाहा. सुकतीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा.

कालवांच्या धारेने तळवे कापतात, अनवाणी जाऊ नका. उचललेला दगड होता तसाच पालथा ठेवा, नाहीतर खालचे जीव उन्हात वाळून मरतात. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख हातात घेऊ नका, आतली गोगलगाय विषारी दंश करते. वाळूच्या उथळ पाण्यात पाय न उचलता घासत चाला, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच बाजूला सरकते.

वेळासला कासवाची पिल्लं नक्की दिसतील अशी तारीख सांगाल का? मुलीला चित्रही काढायचं आहे. (वाचक, पुणे)

तारीख कुणीच देऊ शकत नाही. अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि ते वाळूच्या उष्णतेवर ठरतं. मार्च-एप्रिलमध्ये दोन रात्री मुक्काम ठेवा. पिल्लं निघाली तर सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, त्यामुळे संधी वाढते. बॅटरी आणि फ्लॅश बंद, पिल्लं उजेडाकडे वळतात.

चित्रात बहुतेक जण जमिनीवरच्या कासवाचे पाय काढतात. समुद्री कासवाचे पुढचे पाय लांब, वल्ह्यासारखे. वेळासला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना सहसा सहा किंवा जास्त पट्ट (कवचाचे तुकडे) असतात, आणि डाव्या-उजव्या बाजूंची संख्या अनेकदा जुळत नाही. मुलीला मोजूनच काढू द्या.